रॅम बदलूनही स्पेक्ट्रमवर पट्टे परत येतात? आधी उणे पाच व्होल्ट तपासा

मशीन चालू केलं की कॉपीराइटची ओळ येण्याऐवजी उभे पट्टे दिसतात, कधी रंगीत चौकटींची गोधडी, कधी पांढऱ्या बॉर्डरच्या मधे काळाकुट्ट चौकोन. कुणीतरी सांगतं, रॅम गेली. रॅम बदलली की मशीन सुरू होतं, काही आठवडे गेम मजेत चालतात आणि एका संध्याकाळी पुन्हा तेच पट्टे. झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर बाळगणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

४११६ ही रॅमची चिप आता चाळिशीच्या आसपासची आहे, त्यामुळे एखादी वयानं जाणारच. पण बदललेली चिपही थोड्या दिवसांत जात असेल, तर मारेकरी त्याच बोर्डावर बसलेला आहे आणि तो पकडल्याशिवाय नवी रॅम लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

हे सगळं १६के आणि ४८के मॉडेलबद्दल आहे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चनं एप्रिल १९८२ मध्ये आणलेला रबरी बटणांचा स्पेक्ट्रम आणि १९८४ चा कडक बटणांचा, रीसेट असलेला स्पेक्ट्रम प्लस, दोन्हींच्या पोटात बोर्ड एकाच जातीचा. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस अजून काही घरांच्या माळ्यावर सापडतो. त्याची वंशावळ हीच, फक्त आत कोणत्या इश्यूचा (म्हणजे आवृत्तीचा) बोर्ड आहे ते उघडून वाचा, छापलेलं असतं. १२८के मॉडेलमध्ये तीन व्होल्टेजवर चालणारी ही रॅमच नाही, त्यामुळे खालचं पुराण त्याला लागू नाही.

दोष टीव्हीचा नाही ना?

स्पेक्ट्रम यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र सोडतो. नवे टीव्ही ते पकडतीलच याची खात्री नाही, आणि पकडलं तरी चित्र मुंग्यांनी भरलेलं येतं. मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या डब्यात जाणारी व्हिडिओची वायर थेट मधल्या पिनेला जोडली आणि डब्याचा पाच व्होल्टचा पुरवठा तोडला की साधं एव्ही मिळतं. मधे १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला तर उत्तम. दुरुस्तीपूर्वी हे करून घ्याच, नाहीतर दोष बोर्डाचा की अँटेनाच्या वायरचा यातच दिवस जातो.

एव्ही-टू-एचडीएमआयच्या स्वस्त डब्यांवर विसंबू नका. स्पेक्ट्रमचं चित्र ३१२ ओळींचं, इंटरलेस नसलेलं असतं आणि काही डबे ते धड धरतच नाहीत. तपासणीपुरता पिवळ्या सॉकेटचा जुना पेटीटीव्ही मिळवा. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर बहुधा रिकाम्या हातानं परत येणार नाही.

स्क्रीन वाचायला शिका

सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी स्क्रीनकडे नीट बघा. बॉर्डर आणि मधला भाग यांचा कारभार वेगवेगळा आहे. बॉर्डर यूएलए ही चिप स्वतः काढते, तिला रॅम लागत नाही. मधला भाग मात्र खालच्या १६के रॅममधून येतो, आयसी ६ ते आयसी १३ या आठ चिपांमधून.

चालू केल्या केल्या झेड८० प्रोसेसर रॉम (मशीनचा कायमचा प्रोग्राम असलेली चिप) वाचायला लागतो आणि अगदी सुरुवातीलाच बॉर्डर पांढरी करतो. म्हणजे बॉर्डर पांढरी झाली की प्रोसेसर, रॉम आणि यूएलए तिघंही बऱ्यापैकी जिवंत आहेत. रॅम मेलेली असताना हे कसं जमतं? यूएलए व खालची रॅम एका बाजूला आणि प्रोसेसर व रॉम दुसऱ्या बाजूला, त्यांच्या मधे डेटाच्या आठ ओळींवर ४७० ओहमचे रेझिस्टर आहेत. पलीकडे एखादी ओळ अडकली तरी अलीकडे रॉम वाचता येतो. पैसे वाचवणारी रचना, पण दुरुस्ती करणाऱ्याला वरदान. बॉर्डर पांढरी झालीच नाही, तर रॅमच्या नादी लागण्यापूर्वी घड्याळ, रीसेट, रॉम आणि प्रोसेसर बघा.

बॉर्डर पांढरी झाल्यावर रॉम सगळ्या रॅममध्ये वरून खाली ०२ हा आकडा भरतो आणि मग खालून वर जात प्रत्येक घरातून दोनदा एक वजा करून शून्य येतं का ते बघतो. धडधाकट ४८के मशीनमध्ये हे सगळं साधारण पावणेदोन सेकंदांत उरकतं. स्क्रीनची रॅम भरली जाते सगळ्यात शेवटी आणि तपासली जाते सगळ्यात आधी, त्यामुळे काळ्यावर बारीक लाल उभ्या रेघा पाव सेकंदही टिकत नाहीत. म्हणून फोन स्टँडला लावून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. एवढ्याशा चित्रणातून मिळणारी माहिती तासभराच्या मोजमापातूनही कधीकधी हाती लागत नाही.

लाल रेघाच का? ०२ हा बाइट पिक्सेल म्हणून वाचला तर आठांपैकी सातवा ठिपका पेटतो, आणि रंग म्हणून वाचला तर काळा पेपर (मागचा रंग), लाल इंक (ठिपक्यांचा रंग). आता एखाद्या चिपचा बिट कायमचा एकवर अडकला की हे चित्र ठरावीक तऱ्हेनं बिघडतं. आयसी ६ म्हणजे शून्य क्रमांकाचा बिट, आणि तिथून चढत्या क्रमानं आयसी १३ म्हणजे सातवा. आयसी १० अडकली तर पेपरही लाल होतो आणि मधला सगळा चौकोन लालभडक दिसतो. आयसी ११ असेल तर हिरव्या पेपरवर लाल रेघा. आयसी ९ असेल तर निळ्यावर लाल. आयसी ८ अडकली की रेघा पिवळ्या आणि जोडीनं, आयसी ६ अडकली की जांभळट गुलाबी, त्याही जोडीनं. आयसी १२ ला रेघा जास्त तेजस्वी होतात, कारण तो ब्राइटचा बिट. आयसी १३ फ्लॅशचा बिट, तिथं रेघा लुकलुकायला लागतात.

बिट शून्यावर अडकला तर गंमत वेगळी. रॉमची चाचणी मुळात खालचे दोनच बिट हलवते, त्यामुळे वरच्या सहांपैकी एखादा कायम शून्य असला तरी तो चाचणीत बेमालूम पास होतो. मग स्क्रीन पांढरी करायच्या वेळी त्याचं पितळ उघडं पडतं. पांढऱ्याऐवजी पिवळा पेपर आला तर आयसी ९, आकाशी आला तर आयसी १०, जांभळट गुलाबी आला तर आयसी ११. त्यापुढे मशीन बरेचदा कोलमडतं, पण रंग तेवढ्यात दिसून जातो.

एकच बिट खराब असेल तर हे कोष्टक चोख चालतं. पण सगळीच गोधडी असेल, रंग आणि रेघांना कसलाच ठावठिकाणा नसेल, किंवा दर वेळी चालू केल्यावर नवीच नक्षी येत असेल, तर चिपा मोजत बसू नका. आठही चिपांना एकदम भोवणारी गोष्ट पुरवठ्यात असते.

उणे पाच व्होल्ट

४११६ ला तीन व्होल्टेज लागतात. पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, आणि ग्राउंड पिन १६ वर. नेहमीच्या आयसींची सवय असलेला माणूस इथे फसतो, कारण कोपऱ्यातल्या पिनांचा अर्थ उलटापालटा आहे. मल्टिमीटरची काळी पिन ७८०५ रेग्युलेटरच्या हीटसिंकला धरा, ते ग्राउंडच आहे. लाल पिन टोकदार हवी आणि ती नेमकी पायावर टेकवायची. पिन ८ वरून निसटून ती ७ ला चिकटली तर १२ व्होल्ट थेट पत्त्याच्या ओळीत शिरतात, आणि मग तपासणीनंच दुखणं वाढवलेलं असतं. मी लाल पिनेच्या टोकाला उष्णतेनं आकसणारी नळी चढवून जेमतेम दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवतो.

उणे ५ मिळालं नाही तर लगेच बंद करा. ती ओळ नसताना १२ व्होल्ट चालू राहिले तर ४११६ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढते, तापते आणि जाते. "जरा वेळ चालू ठेवून बघू" हा प्रकार इथे नको.

उणे ५ आणि १२ हे दोन्ही अॅडॅप्टरमधून येत नाहीत, बोर्डावरचा छोटा कन्व्हर्टर ते तयार करतो. एक तांब्याची कॉइल, तिला फटाफट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर टीआर४, त्याच्यावर लगाम ठेवणारा दुसरा ट्रान्झिस्टर टीआर५, थोडे डायोड आणि कंडेन्सर. टीआर४ म्हणजे झेडटीएक्स६५०, टीआर५ म्हणजे झेडटीएक्स२१३. रॅम घेऊन जाणारा मारेकरी बहुतेक वेळा हा टीआर४ असतो.

आणि इथेच ते परत परत येणारं दुष्टचक्र आहे. टीआर४ गेला की उणे ५ जातं आणि रॅमची एखादी चिप आतून शॉर्ट होते. तुम्ही टीआर४ बदलता, पण ती शॉर्ट चिप त्याच्यावर ओझं टाकत राहते आणि नवा टीआर४ही घेऊन जाते. किंवा उलट, स्क्रीनवर दिसणारी चिप बदलता, पण अर्धमेला कन्व्हर्टर तसाच राहतो. म्हणून दोन्हीकडून एकाच बैठकीत तपासा. पुरवठा काढून ठेवा आणि ओहमवर १२ ची ओळ ते ग्राउंड, उणे ५ ते ग्राउंड, मग १२ ते उणे ५ अशी तीन मोजमापं घ्या. कुठेही दोन-चार ओहम दिसले तर करंट सोडायचाच नाही, आधी शॉर्ट शोधायचा. डायोडच्या सेटिंगवर टीआर४ च्या कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी बीप आला तर तो गेलेला आहे.

बदली ट्रान्झिस्टर घेताना हट्ट धरा. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला मागितलात तर "बीसी५४७ लावा हो, चालतंय" असा सल्ला फुकट मिळेल. नाही चालत. झेडटीएक्स६५० दोन अँपिअरचा आहे, त्याच्या जागी ६५१ चालतो. टीआर५ च्या जागी बरेच जण झेडटीएक्स७५१ लावतात, तोही व्यवस्थित चालतो. दोघं एकदमच बदला, एकाचा धक्का दुसऱ्याला बसलेला असतोच.

मग कंडेन्सर. फुगलेले दिसले नाहीत म्हणजे चांगले आहेत असं नाही, आतून वाळलेला कंडेन्सर बाहेरून तरुण दिसतो. १२ आणि उणे ५ च्या ओळींवर मल्टिमीटर एसीवर ठेवून बघा. डीसी आकडा बरोबर पण एसीतही भरभक्कम काहीतरी दिसत असेल तर कन्व्हर्टरच्या आसपासचे इलेक्ट्रोलायटिक सगळे काढा. ही मलमपट्टी नव्हे. व्होल्टेज दिसायला ठीक आणि तरी महिन्यागणिक एक चिप जाते, अशा मशीनमध्ये बरेचदा हेच निघतं.

टीआर४ मुळात का जातो? मागच्या एज कनेक्टरमुळे. त्या उघड्या पट्टीवर ५, ९, १२ आणि उणे ५ सगळं बाहेर आलेलं आहे. मशीन चालू असताना जॉयस्टिकचा इंटरफेस ओढला किंवा तिरका घुसवला की क्षणभर दोन पट्ट्या जुळतात आणि खेळ खलास. इंटरफेसमधली प्लास्टिकची खूण, जी पट्टीतल्या खाचेत बसते, ती तुटलेली असेल तर तो इंटरफेस आधी दुरुस्त करा, मगच मशीनला लावा. घरात मुलं असतील तर त्यांना बजावण्यापेक्षा इंटरफेस टेपनं चिकटवून टाकणं सोपं.

दुसरं कारण अॅडॅप्टर. स्पेक्ट्रमच्या नऊ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण आहे. आज बाजारात मिळणारे बहुतेक अॅडॅप्टर मधून धन असतात. पिन अगदी छान बसते, तीच पंचाईत. मूळ अॅडॅप्टर हरवला असेल तर नऊ व्होल्ट, दीड अँपिअरचा नवा घ्या, वायर कापून ध्रुव उलटे करा, आणि लावण्याआधी मल्टिमीटरनं बघा.

चिप काढताना

या बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा नाजूक आहेत, जास्त उष्णतेनं पापडासारख्या सुटतात. जुनी चिप वाचवायचा मोह सोडा. बारीक कटरनं सोळाही पाय अंगालगत कापा, धड उचलून टाका, मग एकेक पाय गरम करून चिमट्यानं ओढा आणि भोकं पंपानं साफ करा. जागी आयसी बेस लावा. चिपवर चिप ठेवून तपासण्याची युक्ती सगळीकडे सांगतात, पण ती फक्त चिप मुकी झाली असेल तेव्हा चालते. ओळ दाबून धरणाऱ्या चिपवर चांगली चिप ठेवून काही साधत नाही.

जुन्या ४११६ मिळतात, पण घासून नवा छाप मारलेल्याही मिळतात. त्याऐवजी ४१६४ वापरता येते, तिला फक्त पाच व्होल्ट लागतात. पिन १ आणि ८ बाहेर वाकवा म्हणजे त्या बेसमध्ये जाणार नाहीत, आणि पिन ८ वायरनं पिन ९ ला जोडा. आठांपैकी एकच अशी लावली तरी शेजारच्या जुन्या चिपांचं काही बिघडत नाही. मात्र आठही बदलल्या म्हणून कन्व्हर्टरकडे दुर्लक्ष करू नका. रंग तयार करणारी एलएम१८८९ ही चिप १२ व्होल्टवरच जगते.

वरची ३२के रॅम स्क्रीनवर दिसत नाही. ती गेली तर कॉपीराइटची ओळ नीट येते, फक्त गेम लोड होता होता मशीन आपटतं. प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ टाइप करा. ६५५३५ आलं तर ४८के शाबूत, ३२७६७ आलं तर मशीनला वरची रॅम दिसतच नाही.

चित्र येतं, पण रंग नाही

पहिल्यांदा १२ व्होल्ट. ते कमी पडले की चित्र फिकं होतं, रंग जातो किंवा काहीच येत नाही. ते ठीक असतील तर ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. जुन्या बोर्डांवर त्याच्याजवळ टीसी२ नावाचा ट्रिमर, म्हणजे पेचकसानं फिरवून जुळवायचा छोटा कंडेन्सर आहे. प्लास्टिकच्या पेचकसानं तो अगदी केसभर फिरवा. लोखंडी पेचकस जवळ आणला तरी सूर बदलतो, मग तुम्ही रंग जुळवता आणि पेचकस काढताच तो पळतो. इश्यू १ आणि २ वर रंगाची छटा जुळवणारे दोन प्रीसेटही आहेत, इश्यू ३ पासून ते काढून टाकले. अक्षरांच्या कडांना रंगीत मुंग्या सरकताना दिसल्या तर तो बिघाड नाही. चित्राचं आणि रंगाचं घड्याळ या मशीनमध्ये एकमेकांना बांधलेलं नाही.

जुना बोर्ड उघडल्यावर यूएलएच्या शेजारी पाठीवर पडलेली, पाय वर केलेली एक चिप दिसली तर दचकू नका. इश्यू १ मध्ये ती कारखान्यातूनच तशी जोडलेली असते, आणि इंग्लंडात तिला मेलेलं झुरळ म्हणतात. इश्यू २ वर प्रोसेसरच्या अंगावर चढवलेला ट्रान्झिस्टरही मूळचाच. या दोन गोष्टी कुणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात काढून टाकलेली मशीन्स माझ्याकडे आली आहेत.

चालू केल्यावर सगळं छान आणि पंधरा-वीस मिनिटांनी चित्र विस्कटतं, असं असेल तर दोषी उष्णता. यूएलए चांगलीच तापते आणि ७८०५ चं हीटसिंक तिच्यात भर घालतं. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून एकेका चिपवर टेकवत जा. ज्या चिपवर टेकवल्यावर चित्र सावरेल ती चिप. यूएलए निघाली तर लगेच हाय खाऊ नका. ती बेसमध्ये बसवलेली असते आणि कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनमध्ये नुसते पाय काळे पडलेले असतात. दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलून काढा, पाय खोडरबरानं पुसा, परत बसवा. एवढ्यानं भागलं नाही तर छंदिष्टांनी बनवलेल्या पर्यायी यूएलए आता मिळतात. मूळ चिपेपेक्षा त्या गारही चालतात.

दुरुस्ती झाल्यावर झाकण लगेच लावू नका. बोर्ड उघडाच ठेवून बॉर्डरचे रंग बदलत राहणारा चार ओळींचा बेसिक प्रोग्राम लावा आणि तासाभरानं ४११६ च्या पिन १ व ८ पुन्हा मोजा. सुरुवातीचे आकडे चिठ्ठीवर लिहून ठेवलेले हवेत. १२ च्या ओळीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घसरण असेल किंवा उणे ५ शून्याकडे सरकत असेल, तर काम अजून कन्व्हर्टरकडेच बाकी आहे. आकडे जागचे हलले नसतील तर झाकण लावा. लावताना कीबोर्डच्या पट्ट्या सरळ ढकला, त्या वाळून कडक झालेल्या असतात आणि मुडपल्या की तुटतात.